पहिल्यांदाच गटानं स्कूबाला गेलो: मालवणहून परतल्यावर जे सांगावंसं वाटतंय

नमस्कार मंडळी,

गेल्या डिसेंबरात आम्ही १३ जण मालवणला स्कूबा डायव्हिंग करून आलो. पुण्यातला आमचा ट्रेकचा गट आणि काहींचे नातेवाईक. सगळ्यात लहान मुलगी १६ वर्षांची, सगळ्यात मोठे काका ५८ वर्षांचे. याआधी पाण्याखाली कुणीच गेलं नव्हतं. ठरवाठरवी, गाडी, राहणं, बुकिंग सगळं माझ्याकडे होतं. जे छान झालं ते सगळ्यांच्या वाट्याचं आहे, पण जे चुकलं ते बरंचसं माझ्या नियोजनातलं होतं. दिवाळीनंतर अनेक जण असे बेत आखतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

शुक्रवारी रात्री दहाला पुण्याहून निघालो. कोल्हापूर, मग घाट उतरून सकाळी सातच्या सुमारास मालवण. नऊला होडीत. ट्रेकला आम्ही नेहमी असंच जातो, रात्रभर प्रवास आणि पहाटे चढाई. इथे ते अंगाशी आलं. घाटातल्या वळणांनी दोघींचं पोट आधीच ढवळलेलं, झोप कुणाचीच नाही, त्यात उतरल्या उतरल्या काहींनी तिखटजाळ मिसळ चापली. होडी चालू असते तोवर काही वाटत नाही. ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे नांगर टाकून उभी राहिली आणि डुचमळायला लागली की खरी परीक्षा. तिघांना उलट्या झाल्या, त्यातला एक जण पाण्यात उतरलाच नाही. आदल्या दिवशी पोचा, रात्री नीट झोपा, सकाळी दोन घावणे आणि चहा एवढंच खा. दारू आदल्या रात्रीही नको, तिनं शरीरातलं पाणी कमी होतं. उलटीची गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांनी झापड येते.

दुसरा हिशेब मी केलाच नव्हता. नवशिक्याबरोबर पाण्यात एक प्रशिक्षक, एकास एक. हे असंच हवं, यात तडजोड करू नका. आमच्याबरोबर चार प्रशिक्षक होते. म्हणजे १३ जणांच्या चार पाळ्या. कपडे चढवणं, सराव, बुडी, वर येणं धरून माणशी अर्धा-पाऊण तास. शेवटच्या पाळीतले लोक जवळजवळ तीन तास उन्हात, डुचमळत्या होडीत बसून होते. आणि त्या तीन तासांत एक गोष्ट घडत गेली, जी माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. आधी जाऊन आलेले लोक भारावून बोलत होते, "अरे काहीच नाहीये, एकदम सोप्पं." आपली पाळी येईपर्यंत वाट बघणाऱ्याला "मला भीती वाटतेय" किंवा "माझं नाक चोंदलंय" म्हणायला तोंडच उरत नाही. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी माझा अनुभव. अंगात वेटसूट, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर सिलिंडर. होडीत ते ओझं असह्य होतं, पाण्यात शिरताच नाहीसं होतं. शिडी धरून मी चेहरा पाण्यात घातला आणि श्वास घेताच येईना. तोंडात रेग्युलेटर आहे, त्यातून हवा येते आहे, हे डोक्याला कळत होतं. छातीला पटत नव्हतं. चाळीस वर्षं शरीराला शिकवलंय की पाण्यात श्वास घ्यायचा नाही, ते एका मिनिटात कसं ऐकेल? माझा प्रशिक्षक तिथलाच, वीस-बावीस वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, "ताई, नाकान नाय, तोंडान. सावकाश. माका खंय घाई नाय." मग त्यानं माझ्या मास्कसमोर आपला तळवा धरला आणि बोटं हळूहळू मिटायला-उघडायला लागला. मिटली की श्वास आत, उघडली की बाहेर. मी बाकी सगळं सोडून त्या बोटांकडे बघत राहिले. आठ-दहा श्वासांनंतर छाती शांत झाली. त्या मुलाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मग नांगराच्या दोराला धरून खाली. पाणी हिरवट, थोडं गढूळ, आणि अचानक पायाखाली खडक. सहा मीटरच्या आसपास असू. पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे तोंडासमोरून जात होते. एका कपारीत लांब काळ्या काट्यांचा समुद्री साळू बसला होता, काटे सावकाश हलत होते. माझ्या मनगटावरचा देवळातला लाल दोरा बघितला तर तो मळकट तपकिरी! लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या हातावर बघणं वेगळं. आणि आवाज. मला वाटायचं खाली शांतता असेल. स्वतःच्या श्वासाची घरघर, बुडबुडे आणि त्यामागे सतत एक तडतड, मोहरी फोडणीत पडावी तशी. वर आल्यावर कळलं, कपारींत राहणाऱ्या बारक्या कोळंबीच्या एका जातीचा तो आवाज. तो कुठून येतोय ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं जातो आणि दोन्ही कानांना जणू एकदमच ऐकू येतो.

आता जे सांगायला धागा काढलाय ते. माझ्या आतेभावाला दोन दिवस सर्दी होती. फॉर्मवर "सर्दी/सायनस" समोर त्यानं "नाही" वर खूण केली, कारण पैसे भरले होते आणि सगळे चालले होते. तीनेक मीटरवर कान दुखायला लागला. त्यानं हात डोलावून "काहीतरी गडबड आहे" ही खूण केली, प्रशिक्षकानं लगेच वर आणलं. तो म्हणाला, "नको, राहू दे." आणि आम्ही होडीतून ओरडलो, "जा रे, एवढ्या लांब आलोयस, परत ट्राय कर!" त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. तो पुन्हा गेला. वर आला तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. नाकातून आलेलं. पुण्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितलं, पडदा फाटलेला नाही पण त्यामागे रक्त साचलंय. तीन आठवडे पोहणं बंद, विमानप्रवास बंद. आता तो पूर्ण बरा आहे. पण ते ओरडणं माझ्या मनातून जात नाही.

पोहता येतं का, वय काय, किती खोल, हे सगळे लोक विचारतात. माझ्या मते गटानं जाताना सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: कुणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता "नको" म्हणू शकेल, आणि त्यावर होडीतलं कुणी एक शब्द बोलणार नाही. "जाऊन ये ना" नाही, "बरं झालं नाही गेलास" हेही नाही. निघण्याआधी ग्रुपवर हे लिहून टाका. पैसे परत मिळणार की नाही तेही आधीच विचारून सगळ्यांना सांगा, कारण बरेच जण पैशापायी उतरतात.

एक गैरसमज आमच्यातल्या निम्म्यांचा होता: सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो. नसतो. आपली साधीच हवा असते, दाबून भरलेली. त्यामुळे ती कुठे आणि कशी भरतात याला महत्त्व आहे. श्वासाला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नका, दुसरा सिलिंडर मागा.

आणि श्वास कधीही रोखायचा नाही. हे आम्हाला सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे एक लिटर हवेचा फुगा भरून वर आणला तर तो दोन लिटरचा होतो. फुफ्फुसाचंही तेच. श्वास रोखून वर आलं तर दीड-दोन मीटरवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. कारण कळलं असतं तर आमच्यातल्या एकीनं घाबरून श्वास धरला नसता.

बाकी प्रश्न विचारा, मला माहीत असेल ते सांगेन.

प्रतिसाद: रानफूल

वाचनखूण साठवली आहे. फार प्रांजळ लिहिलंय. आमच्या ऑफिसचे ४० जण जाणार आहेत जानेवारीत, एकाच दिवशी. तुमचा पाळ्यांचा हिशेब वाचून पोटात गोळा आला. काय करावं?

प्रतिसाद: धागाकर्ती

४० जण एका दिवशी नेऊ नका. दोन दिवस घ्या आणि रोज वीस असले तरी दोन वेगवेगळ्या होड्या, वेगवेगळ्या वेळा. उरलेल्यांना तोवर किल्ला बघू दे, देवबागला संगमावर जाऊ दे. होडीत फक्त पुढच्या पाळीचे लोक असावेत. शनिवार-रविवार टाळता आला तर फारच बरं. मंगळवार-बुधवारी तोच प्रशिक्षक तुम्हाला दुप्पट वेळ देतो. आणि ऑफिसचा गट म्हणजे साहेबही असणार. साहेबांसमोर "नको" म्हणणं घरच्यांसमोर म्हणण्यापेक्षा अवघड, ते आधीच सांभाळा.

प्रतिसाद: शंखशिंपले

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. डिसेंबर ते मे दरम्यान अशा सहली करून आलेले कान मी दरवर्षी बघतो, म्हणून थोडं.

लोकांना वाटतं पाच-सहा मीटर म्हणजे काहीच नाही. कानासाठी पहिले दहा मीटरच सगळ्यात कठीण, कारण तिथेच दाब दुप्पट होतो. पुढच्या दहात तो फक्त दीडपट होतो. मधला कान आणि घसा जोडणारी एक बारीक नळी असते, तिच्यातून हवा आत सोडून दाब समान करायचा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, किंवा नाक धरून आवंढा गिळायचा. पाण्यात चेहरा गेल्याबरोबर सुरू करा आणि दर अर्ध्या मीटरला करत राहा. दुखायची वाट बघू नका. दुखायला लागलं म्हणजे नळी दाबानं मिटली, मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही, उलट जोरानं आतल्या कानाला इजा होते. तेव्हा एक मीटर वर या, तिथे करा, नाही जमलं तर बाहेर.

सर्दीत नाकात स्प्रे मारून जाणारे खूप. खाली असताना स्प्रेचा अंमल उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि वर यावं तर लागतंच. सर्दी असेल तर जाऊ नका. समुद्र पुढच्या महिन्यातही तिथेच आहे.

परत आल्यावर कान बंद वाटला, गरगरलं, कमी ऐकू आलं तर घरचं तेल किंवा थेंब घालू नका. आधी कुणाला तरी पडदा बघू द्या.

प्रतिसाद: धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. हे मी डिसेंबरआधी वाचायला हवं होतं.

प्रतिसाद: गाबताचो झील

मालवणचोच आसंय, म्हणून दोन गोष्टी. आता मराठीत लिहितो.

पावसाळ्यात इथे सगळं बंद असतं, किल्ल्याची होडीसुद्धा. ऑक्टोबरात सुरू होतं, पण नद्यांचं गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिसायला सगळ्यात चांगलं. तरीही अंदमानचे फोटो बघून इथे येऊ नका. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट असतं, पाच-सहा मीटर दिसलं तर चांगला दिवस. त्या दिवशी पाणी कसं आहे हे निघण्याआधी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला विचारा, तो खरं सांगतो.

दुसरं माशांबद्दल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. व्हिडिओत भरपूर मासे यावेत म्हणून खाली पाव, बिस्किटं सोडतात काही जण. कृपया नको म्हणा. मासा खडकावरचं शेवाळ खायचा सोडून माणसाच्या मागे लागतो. आणि प्रवाळावर उभं राहू नका. पायाखाली दगड वाटतो तो जिवंत असतो, पायातल्या एका फिननं मोडलेला तुकडा वाढायला वर्षं लागतात. माझे आजोबा याच पाण्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे. गिऱ्हाईकच "मासे नको, प्रवाळ दाखवा" म्हणायला लागलं तर आमची पोरंही बदलतील.

प्रतिसाद: मस्कतकर

ताई, छान धागा. मी ओमानमध्ये असतो, दयमानियत बेटांजवळ नियमित डाइव्ह करतो. पहिली बुडी मात्र तारकर्लीलाच मारली होती. दोन मुद्दे.

पहिला खुणांचा. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". नवशिके आनंदानं अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. घरी मुलांबरोबर दोन दिवस खेळ म्हणून सराव करा, पाण्यात आपोआप येईल.

दुसरा आपल्याकडे कुणीच बोलत नाही तो: घाट. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बऱ्याच जणांना माहीत असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर १८ तास थांबण्याचा आहे. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हा वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी. आता मालवणहून दुपारी निघून आंबोलीमार्गे परतणारा माणूस दोन-अडीच तासांत सुमारे ६९० मीटर उंचीवर असतो. पहिल्यांदाच्या पाच-सहा मीटरच्या, वीस मिनिटांच्या बुडीत नायट्रोजन फारसा साठत नाही, हे खरं. पण ज्यांनी कोर्स केलाय, जे दिवसात दोन-तीन खोल बुड्या मारतात, त्यांनी तो दिवस खालीच राहावं. चिपी किंवा मोपाहून विमान असेल तर बुडी आदल्या दिवशी ठेवा.

प्रतिसाद: जाईजुई

थोडा संकोच वाटतोय, पण विचारते. मासिक पाळी असताना चालतं का? आणि मला चष्मा आहे, मायनस चार.

प्रतिसाद: धागाकर्ती

संकोच कशाला, आमच्यातही हा प्रश्न आला होता. बरं वाटत असेल तर चालतं, कप किंवा टॅम्पॉन वापरून. फार दुखत असेल, गळाठल्यासारखं होत असेल तर उतरू नका, एवढंच.

चष्म्याचं म्हणाल तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मास्कच्या आत चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर लेन्स वाहून जाते. नंबरचे मास्कही मिळतात, आधी फोन करून विचारा. पाण्यात वस्तू जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडा नंबर असलेल्यांचं बिनचष्म्याचंही भागतं. मायनस चारला मात्र लेन्स घ्याच. केस घट्ट बांधा, एक बट जरी मास्कच्या कडेखाली आली तरी पाणी झिरपतं. मंगळसूत्र, कानातलं, अंगठ्या खोलीवर ठेवून जा.

प्रतिसाद: उनाड पाखरू

मुलगा १० वर्षांचा आहे, फार मागे लागलाय. न्यावा का? आणि मला लहानपणी दमा होता, आता पंप लागत नाही. फॉर्मवर लिहिलं तर नाही म्हणतील ना?

प्रतिसाद: शंखशिंपले

लिहा. कृपया लिहा. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. दम्यात हवा फुफ्फुसाच्या एखाद्या भागात अडकू शकते, आणि वर येताना अडकलेली हवा काय करते ते धाग्यात वर आलंच आहे. आधी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकण्याची चाचणी करा. ठीक असेल तर ते लेखी देतील. ते कागद घेऊन जा आणि निर्धास्त उतरा.

प्रतिसाद: मस्कतकर

मुलाबद्दल: पाडीसारख्या (PADI) डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांची किमान वयाची अट १० वर्षंच आहे. पण वय झालं म्हणजे तयारी झाली असं नाही. सूचना ऐकून तसं वागतो का, घाबरला तर सांगतो का, हे बघा. हट्ट त्याचा आहे की तुमच्या व्हिडिओचा, हेही. आधी किनाऱ्याजवळ स्नॉर्केल लावून चेहरा पाण्यात घालू द्या. त्यात रमला तर पुढे.

प्रतिसाद: रानफूल

धागाकर्ती, तुमच्या सूचनेनुसार दोन दिवस आणि चार होड्या ठरवल्या. "नको म्हणण्याची मुभा" ग्रुपवर लिहिली. अर्ध्या तासात सहा जणांनी मला खासगीत कळवलं की आम्ही फक्त किल्ला बघायला येऊ. त्यातले दोघे आधी सगळ्यात उत्साही होते! आणखी एक विचारायचं होतं. तुमच्यातल्या कुणी ऐन वेळी माघार घेतली का? त्यांना नंतर वाईट वाटलं का?

प्रतिसाद: धागाकर्ती

घेतली. माझ्या वहिनीनं. शिडीवर उतरली, चेहरा पाण्यात घातला, वर आली, "नाही जमणार" म्हणाली आणि होडीत येऊन बसली. तिची पाळी आतेभावाच्या नंतरची होती, त्यामुळे तोवर आम्ही सगळेच गप्प झालो होतो. कुणीही काही बोललं नाही. मी फक्त तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मला पाण्याची भीती नाही वाटली. मला पोहता येत नाही याची वाटली."

जानेवारीपासून ती आमच्या इथल्या तलावावर सकाळी सहाच्या बॅचला जाते. वय ४७. पहिले पंधरा दिवस कठडा सोडला नाही. आता उताणी पडून दहा मिनिटं तरंगते. पुढच्या नोव्हेंबरात आम्ही दोघीच जाणार आहोत, मधल्या वारी, आदल्या दिवशी पोचून. आधी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रातल्या तलावात सराव आणि मग वाटलं तर समुद्र. त्या बोटं मिटणाऱ्या मुलाचा नंबर तिनं माझ्याकडून मागून घेतलाय.